चुरीसाहेबांचा कुपा

चुरीसाहेब पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. काउंटरच्या काचेवर नारळाएवढं एक रील ठेवलं, भिंतीवरच्या बंद घड्याळांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ही सगळी मेली दिसतात. हे तरी जगवता येतं का बघ."

जव्हारला पाचबत्ती नाक्याजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल आल्यापासून माणसं मनगटाकडे बघायची विसरली. सेल बदलायचे, पट्टे लावायचे आणि दुपारी पेपर वाचायचा, असं चाललं होतं. मासे गरवायच्या रॉडला खाली जोडतात ते दोऱ्याचं चक्र, म्हणजे रील, मी तोवर कधी उघडलं नव्हतं. उघडलं तर आत मिठाचा दगड झालेला. एकेक चकती सोडवली, रॉकेलमध्ये भिजवली, दातरे बांबूच्या काडीने साफ केले. साहेब दुसऱ्या दिवशी आले. रील कानाशी धरून, डोळे मिटून त्यांनी हँडल सावकाश फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"कुणी शिकवलं?"

"घड्याळांनीच."

"मग ती का मेली?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. आणि मग हसले. "मीठ मीच घातलं होतं. मुंबईच्या दोघांनी सांगितलं, टाकून द्या, नवीन घ्या. तू टाकून दिलं नाहीस. म्हणजे एकतर तू चांगला आहेस नाहीतर रिकामटेकडा."

कामाची माणसं ते अशी निवडत. आधी वस्तूची वाट लावायची आणि मग माणूस तिच्याशी कसा वागतो ते बघायचं. माणसाची वाट लावायलाही त्यांची ना नव्हती, हे मला पुढं कळलं.

साहेब मूळचे किनाऱ्याकडचे. तरुणपणी जहाजावर होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक अजब धंदा काढला. शहरातली हौशी माणसं अंदमानच्या खोल समुद्रात कुपा गरवायला न्यायची. कुपा म्हणजे टूना. गेदरासारखा बाजारात मिळणारा लहान नव्हे, तर पिवळ्या परांचा, माणसाच्या वजनाचा, गळ लागला की आगगाडीसारखा सुटणारा. पण तिकडं नेण्याआधी ते प्रत्येकाला इथं आणत. दाभोशाच्या धबधब्याच्या वर त्यांनी एक माळ भाड्याने घेतला होता. वरच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये भिंतीभर रॉड, आणि समोर गवताचा लांब उतार, खाली ऐनाच्या झाडापर्यंत गेलेला. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरावर, कशासाठी? असं कुणी विचारलं की ते म्हणत, "समुद्र नंतर. आधी तुम्ही कुठं मोडता ते कोरड्यात बघू."

उंच, सडसडीत माणूस. पांढरे कॅनव्हासचे बूट, दाढेखाली कायम लवंग. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. जेवतसुद्धा उभ्यानं. खिशात एक ताणकाटा असायचा, आपल्याकडे मोहाची पोती टांगून तोलतात तसल्याची धाकटी आवृत्ती. रीलचा दोरा काट्याला अडकवून ते ओढून बघत, किती ताणाला दोरा सुटायला लागतो. त्या सुटण्याला ड्रॅग म्हणतात. रीलमधल्या चकत्या एकमेकींवर घासतात आणि ठरावीक ताणानंतर दोरा सोडतात. ज्या ताणाला दोरा तुटतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ड्रॅग ठेवायचा, मासा पळाला तर पळू द्यायचा, दोरा जाऊ द्यायचा. "जो सोडत नाही त्याचं तुटतं," हे साहेब सगळ्यांना सांगत. सांगताना ते साधूसारखे दिसत. पण साधूपण तेवढ्यापुरतंच.

पाहुणा आला की ते हात मिळवायचे आणि सोडायचेच नाहीत. अंगठ्याने त्याचा तळवा दाबत, मनगट वळवून बघत, आणि सगळ्यांसमोर निकाल देत. "भजी तळायचा हात." "हा सह्या करायचा हात." एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला म्हणाले, "हात चांगला आहे, पण समोरच्याचे हात बांधलेले असले तरच चालणारा." माणसं खजील व्हायची, कुणी रागावून परतही जायची. पण राहायची ती त्यांची भक्त होऊन राहायची. कारण रॉड आणि रील निवडण्यात साहेबांनी कधी कुणाला फसवलं नाही. "दुकानदार तुमचं पाकीट बघून रॉड देतो, मी पाठ बघून देतो," असं म्हणत आणि खरोखर पाठीवर हात फिरवून मणके चाचपत.

नाशिकचे एक दंतवैद्य आले होते. गोरे, गुबगुबीत, बायकोला घेऊन. त्यांनी परदेशातून आठ फुटी रॉड मागवला होता आणि त्यावर सोनेरी रंगाचं थोरलं रील. कुपा धरायला हेच लागतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी रील उघडून बघितलं, उत्तम होतं. पण आठ फुटी रॉड पृष्ठभागावरच्या माशांच्या थव्यावर लांब फेक करायला. मासा सरळ खाली गेला आणि उभ्या उभ्या तासभर उचलायचा झाला की तोच रॉड उलटतो. साहेबांचं वाक्य होतं, "लांब रॉड माशाच्या बाजूचा, आखूड रॉड तुमच्या बाजूचा." तरफेचं साधं गणित आहे. पण त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही. उलट म्हणाले, "वा डॉक्टर! राजाचा रॉड आणलात. चला, मासा सोडू."

आता मासा कोण, ते सांगायला हवं.

काशिनाथ मौळे दाभोशाजवळच्या पाड्यावरचा. तिशीचा, बारीक, काळा, पिंढऱ्या वेताच्या. सगळे त्याला काशा म्हणत. दिवाळीनंतर पाडा रिकामा व्हायचा, माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायची. साहेबांनी काम दिल्यापासून काशा आणि त्याची बायको यमुना घरी राहिली होती. ती शेडवर स्वयंपाक करायची आणि तो मासा व्हायचा. कमरेला रुंद चामडी पट्टा, पाठीमागे कडी, कडीला रीलचा दोरा. वर पाहुणा रॉड धरून उभा राहिला की साहेब शिट्टी मारत आणि काशा उतारावरून जीव खाऊन सुटायचा. माणूस उतारावर पळताना जो हिसका बसतो तो माशाच्या हिसक्याच्या जवळ जातो, असं साहेबांचं म्हणणं. पाहुण्यानं ड्रॅग सांभाळत त्याला थोपवायचं आणि मग गुंडाळत, ओढत, वर आणायचं. हवालदाराला नावानं कुणी बोलवत नाही, तसं शेडवर काशाला कुणी काशा म्हणत नसे. "कुपा, पाणी पी." "कुपा, आज पाय ढिले पडले रे."

डॉक्टरांना पोटावर बांधायचा पट्टा, ज्यात रॉडची बुडखी टेकवतात, तो साहेबांनी दिलाच नाही. शिट्टी वाजली. काशा सुटला. आठ फुटी रॉड वाकला, बुडखी डॉक्टरांच्या ओटीपोटात घुसली, आणि ते पुढं झुकले, धावले, पडले. रॉड सोडायची बुद्धी त्यांना झाली नाही. गवतातून तोंडावर फरफटत काही अंतर गेले. काशा थांबला, मागं वळून बघू लागला. साहेबांनी पुन्हा शिट्टी मारली. पळ! तो पळाला. डॉक्टरांच्या बायकोनं तोंडावर हात घेतला. बाकीचे पाहुणे आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

साहेब सावकाश उतरून त्यांच्यापाशी गेले, वाकले नाहीत. "डॉक्टर, दात काढताना रोगी ओरडतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टरांच्या तोंडात माती होती.

"थोडं दुखेल, म्हणता ना?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना साडेपाच फुटी, जाड बुडाचा रॉड दिला, मध्यम रील दिलं, पोटाचा पट्टा स्वतः बांधला. डॉक्टरांनी काशाला निम्म्या उतारावर थांबवला आणि गुंडाळत वर आणला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना ते साहेबांच्या पाया पडले. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. काशाच्या कमरेला पट्ट्याचा वळ उठला होता, त्याच्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही. यमुना त्यावर कसलासा पाला वाटून लावत होती.

रविवारी दुकान बंद ठेवून मी जीपने माळावर जात असे. रीलं साफ करायची, चकत्यांना ग्रीस द्यायचं, ड्रॅग लावून द्यायचा. काशा माझ्याजवळ येऊन बसे. मी उघडलेली चाकं बघत राही. एकदा त्याला विचारलं, "कंटाळत नाहीस का रे ह्या पळण्याला?"

"साहेब माना बोटीवर नेनार हाय," तो म्हणाला. "मदतीला. दर्या बघायचाय, घड्याळदादा. किनाऱ्याचा नाय, तो बघला. खोल. जठं तळ लागत नाय तो."

साहेबांनी तसा शब्द दिला होता, आणि सगळ्यांसमक्ष दिला होता. त्याचीही एक गोष्ट आहे. एकदा एक दांडगा पैलवान गडी आला होता, काशाला दोन पावलंही जाऊ देईना. नुसता रोवून उभा. काशाने काय करावं? पळता पळता गर्रकन वळला आणि सरळ पैलवानाच्याच दिशेने चढावर धावत सुटला. दोरा एकदम सैल झाला. सगळा भार मागे टाकून उभा असलेला पैलवान धाडकन पाठीवर आपटला. खरा कुपाही हेच करतो, उलटून बोटीकडे येतो, आणि दोरा सैल पडला की गळ सुटतो. काशाला हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेब आनंदाने ओरडले. मी त्यांना तेवढं खूश कधीच पाहिलं नाही, ना आधी ना नंतर. त्यांनी काशाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "हा खरा मासा! तुला नेतो मी अंदमानला. पुढच्या हंगामात. बोटीवर माझ्या बाजूला उभा करतो."

त्या दिवसापासून काशा जास्त जोरात पळायला लागला.

हंगाम आला तेव्हा साहेब म्हणाले, या वेळी जागा भरल्या, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला म्हणाले, तुला इथून हलवलं तर मासा कोण होईल? यात खोटं काहीच नव्हतं. काशा चांगला मासा होता, हाच त्याचा अडसर झाला.

मग ती सकाळ. थंडी होती, गवत पिवळं झालं होतं. पाच-सहा पाहुणे होते. त्यांत मुंबईचे एक वकील, मोजकं बोलणारे. दोन-तीन जणांनी काशाला ओढून झाल्यावर ते साहेबांना म्हणाले, "छान करमणूक आहे. पण माणूस सरळ पळतो. मासा डोकं झटकतो, शेपटी मारतो. यावरून रॉड कसा निवडायचा? हे नाटक झालं."

नाटक हा शब्द साहेबांना लागला. लवंग चावायची थांबली. त्यांनी भिंतीवरचा सगळ्यात जाड रॉड काढला, त्याला मोठं रील लावलं आणि ड्रॅगचा खटका शेवटपर्यंत ढकलला. मी तिथंच होतो. म्हणालो, "साहेब, एवढ्यावर दोरा सुटणारच नाही."

"सुटू नये म्हणूनच लावलाय. झटके हातापर्यंत यायला पाहिजेत."

काशाला बोलावून ते म्हणाले, "दोरा पाठीमागून पुढं घे, हाताला दोन वेढे दे आणि पळता पळता झटके मार. असे. डावीकडं, उजवीकडं. डोकं झटकल्यासारखे."

काशा बघत राहिला. शेडच्या दारावर साहेबांनीच रंगाने लिहून ठेवलं होतं, दोरा हाताला गुंडाळू नये. हा विणलेला बारीक दोरा असतो, सुरीसारखा. नव्या पाहुण्याला ते पहिलं हेच शिकवत.

"साहेब, तुमीच सांगता का गुंडाळायचा नाय."

"ते माणसांसाठी," साहेब म्हणाले. "तू मासा आहेस."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. मी पुढं होऊन म्हणालो, हे करू नका. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काशाने एकदा माझ्याकडे आणि एकदा यमुनेकडे पाहिलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचं लक्ष नव्हतं. मला वाटतं तो त्या क्षणी नाही म्हणू शकला असता. पण पुढच्या महिन्यात बोट जायची होती. त्याने उजव्या हाताला दोन वेढे दिले. वकिलांनी रॉड धरला.

शिट्टी वाजली. तो नेहमीसारखाच सुटला, अर्धवट पळणं त्याला येतच नव्हतं. दोरा ताठ झाला. रॉड वाकला आणि तसाच राहिला. ड्रॅगचा नेहमीचा सुर्र आवाज झाला नाही. काशाचा आवाज मात्र आला, एकदाच, आखूड. तो बसला नाही, पडला नाही. उभाच राहिला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मधली दोन बोटं जागेवर नव्हती.

मी आणि यमुना खाली धावलो. माझा रुमाल, तिच्या लुगड्याचा पदर, जे हाती लागलं ते बांधलं. वकिलांचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. त्याने आपणहून आणली, कुणी सांगितलं नव्हतं. गाडीत काशाला आडवा करताना मी वर पाहिलं. साहेब रीलला ताणकाटा लावून बघत होते. त्यांचा आवाज वरून स्पष्ट ऐकू आला. "रॉडला काही झालं नाही. चला, ऊन चढायच्या आत दुसरा बघून घेऊ."

जव्हारच्या दवाखान्यातून नाशिकला पाठवलं. बोटं जोडता आली नाहीत. काशा परत आल्यावर साहेब त्याला भेटायला गेले नाहीत. शेडवरचा एक गडी मात्र पाड्यावर जाऊन आला. निरोप होता, "पट्टा परत पाठव." दवाखान्यात जाताना काशाच्या कमरेचा चामडी पट्टा तसाच राहिला होता. यमुनेनं तो विहिरीवर धुतला, त्यावरचे डाग दगडाने घासले, वाळवला, तेल लावलं, आणि स्वतः नेऊन दिला. देताना म्हणाली, "साहेब, तुमी बोटीवर नेनार बोलला होता. त्याचा काय?"

"तीन बोटांनी रील धरता येत नाही, बाई."

"धरला तर?"

साहेबांनी तिच्याकडे रस घेऊन पाहिलं. विक्षिप्त माणूस होता तो, उलट बोलणारं कुणी भेटलं की त्यांना बरं वाटे. "धरून दाखवू दे," म्हणाले. "माझ्यासमोर, उतारावर. धरलं तर नेतो. चुरीचा शब्द."

काशा माझ्या दुकानात आला. हात जुन्या लंगोटीच्या फडक्यात गुंडाळलेला. मी एक मध्यम रील काढलं. या प्रकारच्या रीलचं हँडल डावीकडचं उजवीकडे बदलता येतं. रॉड शाबूत डाव्या हातात राहील अशी जोडणी केली. हँडलची चपटी मूठ काढून तिथं लाकडाचा लिंबाएवढा गोळा बसवला, म्हणजे तळव्याने ढकलून फिरवता येईल. रॉड आखूड, हलका. दुकानाच्या मागच्या गल्लीत तो रोज येऊन सराव करायचा. मी दोऱ्याला पाण्याची बादली बांधून द्यायचो, तो ती ओढून आणायचा. सुरुवातीला जखमेतून पाणी यायचं. पुढं घट्टे पडले. दोन बादल्या बांधल्या, त्याही आणल्या. मला वाटायला लागलं, जमणार.

ठरल्या दिवशी माळावर बरेच पाहुणे होते. दंतवैद्यही होते, तिसऱ्यांदा आलेले. साहेबांनी काशाच्या हातातला रॉड घेऊन पाहिला, रील कानाशी लावून फिरवलं, लाकडी गोळ्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "घड्याळजी, निवड चांगली आहे. मीसुद्धा हेच दिलं असतं." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पुढचं वाक्यही तेवढ्याच मनापासून आलं. "आता मासा कुठून आणायचा? मासा तर रॉड धरून उभा आहे."

ते शेडच्या दारात उभ्या असलेल्या यमुनेकडे वळले.

"हिला बांधा," साहेब म्हणाले. "रोज हंडे घेऊन डोंगर चढते, हिच्यासारखे पाय कुणाचे? ती ऐनापर्यंत पोचली तर काशा हरला. त्याने मध्ये थांबवली तर बोटीवर."

डॉक्टर म्हणाले, "साहेब, बाई माणूस आहे..." साहेबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर मागे सरले.

 काशा काही बोलायच्या आत यमुनेनं खुंटीवरचा पट्टा काढला, लुगड्याचा काचा वर खोवला, आणि पट्टा कमरेला आवळला. "बांधा दोरा. माना येतं पळाया." मग काशाला हळूच म्हणाली, मला ऐकू आलं, "मी हळूहळू जाईन. तू वढ."

शिट्टी झाली. ती निघाली, पण दमल्यासारखी, पाय ओढत. काशानं सहज थोपवली. साहेब मोठ्याने हसले. "ही मासळी बाजारातली आहे काय? मेलेली? परत. पुन्हा पळव. आणि बाई, नीट ऐक, लबाडी केलीस तर दोघांनी पुन्हा माळावर पाय ठेवायचा नाही."

दुसऱ्या वेळी ती खरोखर पळाली. काय पळाली! केस सुटले, पाय दिसेनात. रील किंचाळायला लागलं. काशानं ड्रॅग थोडा आवळला. दोरा सुटायचा कमी झाला, पट्टा तिच्या पोटात रुतला, ती अर्धी मोडल्यासारखी वाकली, पण थांबेना. आता थांबली असती तर लबाडी ठरली असती. तळव्याने गोळा ढकलत तो गुंडाळायला लागला, आणि ती मागं खेचली जाऊ लागली. गुडघ्यावर आली. उठली. पुन्हा पडली. पाहुण्यांतून आवाज निघाला, "शाबास! आण वर!" काशा जिंकत होता. आणखी थोडं आवळलं असतं तर संपलं होतं.

त्यानं ड्रॅगचं बटण धरलं आणि उलटं फिरवलं. पुरतं सैल केलं.

यमुना पुढं हेलपाटली, सावरली, आणि दोरा नुसता वाहत गेला. ती ऐनापर्यंत गेली, झाडाला धरून उभी राहिली. तिच्या पोटाचा भाता वरूनही दिसत होता. काशानं रॉड गवतात ठेवला. फेकला नाही, ठेवला. साहेबांना रॉड जमिनीवर ठेवलेला खपत नसे, शेडवर त्यासाठी माणसाला थप्पड बसल्याचं मी पाहिलं होतं. तो उतार उतरून तिच्याजवळ गेला, तिच्या कमरेचा पट्टा सोडला, झाडाच्या फांदीला अडकवला. दोघंही एकदासुद्धा मागे न बघता पाड्याच्या वाटेला लागली.

साहेबांनी रॉड उचलला, पुसला आणि सगळा दोरा स्वतः गुंडाळून घेतला. पाहुण्यांना म्हणाले, "बघितलंत? रॉड बरोबर होता, रीलही बरोबर होतं. माझी चूक माणसात झाली."

त्या दिवसानंतर मी माळावर गेलो नाही. दुकानात होती ती रीलं पोत्यात भरून जीपवाल्याबरोबर परत पाठवली. आणि माळावर मासा व्हायला कुणी येईना. दाभोशातून नाही, वांगणीकडून नाही, पार मोखाड्याला सूर्यमाळच्या पाड्यांपर्यंत साहेबांनी माणूस पाठवला, तिथूनही नाही. कुणी सभा घेतली नाही की ठराव केला नाही. जो तो विचारल्यावर म्हणायचा, माना जमत नाय, साहेब. साहेबांनी एकदा दोऱ्याला बोकड बांधून पाहिला म्हणतात. तो तीन पावलं गेला आणि चरायला लागला. पाहुणे कमी झाले, मग बंद झाले. शेडचे पत्रे वाऱ्याने उचकटले.

काशा आणि यमुना दिवाळीनंतर भट्टीवर जायला लागली. तो विटा थापू शकत नाही, गाढवं हाकतो. पावसाळ्यात घरी असतात, नाचणी लावतात. मागच्या श्रावणात बाजारात भेटला. चहा पाजला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "साहेब मेला काय?"

"नाही रे. इथंच असतात, गावात. हात कापतात हल्ली."

"दोनी?"

"दोन्ही."

त्यानं बशीतला चहा संपवला. "बरा हाय," म्हणाला. साहेबांच्या तब्येतीबद्दल म्हणाला की हात कापतात त्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

हातांचं खरं होतं. तो कसलासा आजार होता, हळूहळू वाढणारा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा साहेब दुकानात आले होते, कितीतरी दिवसांनी. माळावरून सामान हलवून ते जव्हारात एका खोलीत राहायला आले होते. मी बसा म्हणालो नाही, तेही बसले नाहीत. काउंटरवर त्यांनी एक बारीक, वेताएवढा रॉड ठेवला. पोरं तळ्यावर नेतात तसला. आणि डबीएवढं रील.

"हे साफ कर."

"हे कुणासाठी?"

"एक थेरडा आहे. हातात जोर नाही, पाठीत जोर नाही, दोरा ओवतासुद्धा येत नाही त्याला. मोठा रॉड मागत होता. मी म्हटलं, लाज वाटू दे, तुला हाच." त्यांनी दोन्ही हात काचेवर पालथे ठेवले, आणि काच थडथडायला लागली. "गिऱ्हाईक रडलं तरी निवड बदलायची नाही."

मी रील साफ करून दिलं. त्यांनी कानाशी धरलं, पण हात हलत होता त्यामुळं त्यांना काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी जयसागर धरणाकडे फिरायला गेलो होतो. पाणी खाली गेलेलं, पायऱ्या उघड्या पडलेल्या. तिथं साहेब उभे होते, तेच पांढरे बूट, तोच पोरांचा रॉड. मी लांबच थांबलो. रॉडचं टोक कापत होतं ते हाताने की माशाने, ते कळत नव्हतं. मग त्यांनी ओढलं. रोहूचं बोटभर पिलू वर आलं, सिमेंटच्या पायरीवर पडलं. त्यांनी थरथरत्या हातांनी मोठ्या कष्टानं गळ सोडवला. मला वाटलं आता पाण्यात टाकतील. पाणी एक पायरी खाली होतं.

त्यांनी टाकलं नाही. पिशवीतही घातलं नाही. रॉड बाजूला, जमिनीवर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. पिलू उडी मारी, पायरीच्या काठाशी जाई. काठाशी गेलं की ते बुटाच्या टोकाने त्याला हळूच मधोमध सरकवत, आणि पुन्हा वाकून बघत.

"ओढतोय," माझी चाहूल लागली असावी, मान न वळवता ते म्हणाले. "अजून ओढतोय बघ."

मी परत फिरलो. वळणावरून एकदा मागे पाहिलं. ऊन चढलं होतं, पायरी कोरडी पडली होती, आणि साहेब तसेच वाकलेले होते, बूट पुढं करून.